दक्षिणेतल्या राज्यांत राजा मेला की लगेच रक्तपात का व्हायचा? वारस ठरवायची पद्धत नव्हती का?

पद्धत होती हो, पण ती पाळायला लावणारं कोणी नव्हतं. फौज राजाकडे कमी, नायकांकडे, म्हणजे प्रांत सांभाळणाऱ्या सरदारांकडे, जास्त. मग गादीचा हक्क सांगता येईल असा एखादा मुलगा ज्याच्या ताब्यात, राज्य त्याचं. विजयनगरात रामराया या बड्या सरदाराने हेच केलं, 1542 नंतर सदाशिवरायाला गुत्तीच्या किल्ल्यातून सोडवून गादीवर बसवलं आणि 1565 मध्ये तालिकोटला मारला जाईपर्यंत कारभार स्वतःच्याच हातात ठेवला.

पण मला सगळ्यात जास्त हलवून टाकते ती 1614 ची गोष्ट. विजयनगरचा राजा वेंकटपतिराय वारला, जाताना पुतण्या श्रीरंगला वारस नेमून गेला. एका राणीने एक मुलगा आपलाच म्हणून वाढवला होता पण तो आपला नाही हे राजाला माहीत होतं. राणीच्या माहेरच्या जग्गरायाने तोच मुलगा गादीवर बसवला आणि श्रीरंगला बायकामुलांसकट वेल्लोरच्या किल्ल्यात डांबलं. बाकीचे सरदार वाकले, याचम नायक वाकला नाही. आतून एक तरी पोर जिवंत बाहेर काढायचं म्हणून त्याने एका परटाला हाताशी धरलं, आणि श्रीरंगच्या मुलाला, रामदेवला, त्या परटाने कपड्यांच्या गाठोड्यात घालून पहाऱ्यातून बाहेर आणलं. मागे राहिलेलं सगळं घर संपलं. मी वेल्लोरला गेलो होतो तेव्हा खंदकाशी उभं राहून फक्त ते गाठोडंच डोळ्यासमोर येत होतं, आत पोराने श्वास कसा धरला असेल.

पुढे मदुरा आणि जिंजीचे नायक जग्गरायाकडे, तंजावरचा रघुनाथ नायक रामदेवकडे, आणि तोप्पूरला मोठी लढाई होऊन जग्गराय मारला गेला. गादी मिळाली पण साम्राज्य खिळखिळं झालं ते कायमचंच.

आणि हे आपल्यापर्यंत येतं बरं का. 1673 मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर घेतलं तेव्हा तिथलंही एक पोर, चेंगमलदास, दाईने नागपट्टणला पळवून वाचवलं असं सांगतात. त्याला गादीवर बसवायला विजापूरने पाठवला तो शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ व्यंकोजी, आणि त्याने आधी त्या पोराला बसवलं, मग थोड्याच दिवसांत गादी स्वतःच घेतली. तंजावरचं मराठा राज्य तिथून सुरू होतं.