भांग प्यायल्यावर ओठ सुजले, ही अ‍ॅलर्जी का?

प्रश्न: डॉक्टर, धुळवडीला माझा धाकटा दीर मित्रांकडे भांगेची थंडाई प्यायला, मग नाचला आणि अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं, घसा आवळल्यासारखा वाटायला लागला. सासूबाई म्हणाल्या चढलीये, झोपू दे. मी कोकम लावलं, दोनेक तासांनी उतरलं. भांगेची अ‍ॅलर्जी खरंच असते? टोमॅटो खाल्ला तरी त्याच्या तोंडाला खाज सुटते. – एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, असते, आणि टोमॅटोचं लिहिलंत ते फार बरं केलंत. भांगेच्या झाडात कॅन एस ३ नावाचं एक प्रोटीन असतं, त्याच्यासारखंच प्रोटीन टोमॅटो, पीच, सफरचंद, अक्रोड यांतही असतं, त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी असली की दुसऱ्यालाही शरीर बिथरू शकतं. हे प्रोटीन उकळून किंवा पोटात पचूनही सहज मोडत नाही, आणि वर नाचणं, दारू, पेनकिलर असलं काही झालं तर रिअ‍ॅक्शन जास्त भडकते.

पण लगेच भांगेवरच ठपका ठेवू नका, थंडाईत बदाम, पिस्ता, काजू, खसखस, दूध सगळंच असतं आणि दोषी त्यातलं कुठलंही असू शकतं. म्हणून अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्किन प्रिक टेस्ट करून घ्या, आणि लाजून भांगेचं नाव लपवू नका, नाहीतर टेस्ट भलत्याच गोष्टींची होईल. सर्दी-खाजेच्या गोळ्या टेस्टच्या आधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, किती ते त्यांनाच विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भांग चढली की छाती धडधडते, भीती वाटते, उलटी होते, पण ओठ सुजणं, अंगावर गांधी, घसा आवळणं, छातीत सूं सूं आवाज हे नशेचं लक्षण नाहीच. अशा वेळी कोकम नको, झोपवणं तर अजिबात नको! तडक १०८ ला फोन, आडवं करून पाय वर, दम लागत असेल तर बसवा पण उभं करून चालवू नका. मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय, अ‍ॅलर्जीच्या गोळीने घसा उघडत नाही. या वेळी आपोआप उतरलं म्हणून पुढच्या वेळीही उतरेल असं धरून चालू नका.

आणि दीर जिमला जात असेल तर एक बघा, भांगेच्या बियांची म्हणजे हेम्पची प्रोटीन पावडर हल्ली बाजारात मिळते, तिच्यात नशा नसते पण अ‍ॅलर्जी होऊ शकते, टेस्ट होईपर्यंत तीही बंद.