येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाताना वायोमिंगमधल्या कोडी गावात काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की आईवडील सोबत आहेत, कोडीत एकच रात्र मुक्काम आहे आणि सकाळचे दोन-तीन तास मोकळे आहेत. जमत असेल तर अजून एक रात्र वाढवा. मी डेन्व्हरला राहते. पहिल्या खेपेला आम्हीही अशीच घाई केली होती, म्हणून पुन्हा जावं लागलं, तेव्हा माझेही आईबाबा बरोबर होते.

सुरुवात बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टपासून करा. एकाच इमारतीत पाच संग्रहालयं आहेत आणि तिकीट सलग दोन दिवस चालतं, म्हणून सगळं एका दमात उरकू नका. बफेलो बिल म्हणजे विल्यम कोडी. रेल्वेच्या मजुरांसाठी बायसन मारणारा शिकारी, १८८३ पासून ‘वाइल्ड वेस्ट’चा खेळ घेऊन देशोदेशी फिरलेला माणूस आणि हे गाव वसवणाऱ्यांपैकी एक. त्याचं दालन बघाच, पण सगळ्यात जास्त वेळ प्लेन्स इंडियन म्युझियमला द्या. लकोटा, क्रो, शायान, शोशोनी अशा इथल्या मूळ रहिवासी जमातींचे कपडे, तंबू, पाळणे, मोकासिन म्हणजे चामड्याचे मऊ जोडे तिथे आहेत. युरोपी व्यापाऱ्यांकडून काचेचे मणी येण्याआधी या बायका साळिंदराचे काटे रंगवून त्यांचं भरतकाम करायच्या. माझी आई मण्यांची तोरणं करते. ती एकेका अंगरख्यासमोरून हलेना. बंदुकांचं दालन प्रचंड आहे, आवड नसेल तर भरभर बघून निघा.

गावाच्या पश्चिम टोकाला ओल्ड ट्रेल टाउन आहे. आसपासच्या मुलखातून जुनी लाकडी घरं सुटी करून आणली आणि इथे पुन्हा उभी केली. बुच कॅसिडी या दरोडेखोराच्या टोळीने वापरलेली खोपी आहे, कस्टर या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याच्या क्रो वाटाड्याचं, कर्लीचं घर आहे. जेरेमाया जॉन्स्टन या डोंगरातल्या शिकाऱ्याची कबरही इथेच. तो १९०० साली लॉस एंजेलिसला वारला, तिथेच पुरला गेला. कॅलिफोर्नियातल्या सातवीच्या मुलांनी पाठपुरावा केला म्हणून १९७४ मध्ये त्याला इथल्या डोंगरांत आणलं. हिवाळ्यात हे ठिकाण बंद असतं.

आता सहसा गाळली जाते ती जागा, हार्ट माउंटन. कोडीहून पॉवेलकडे जाताना अर्ध्या तासाच्या आत येते. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या कुटुंबांना घरदार सोडायला लावून इथे तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. एके काळी इथे दहा हजारांहून जास्त माणसं होती, म्हणजे वायोमिंगमधलं तिसरं मोठं शहरच. छावणीतला नॉर्मन मिनेटा आणि कोडीचा ॲलन सिम्पसन ही दोन मुलं इथे स्काउट म्हणून भेटली. पुढे एक मंत्री झाला, दुसरा सिनेटर, आणि मैत्री जन्मभर टिकली. १९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागितली, त्यासाठी दोघांनीही जोर लावला. २०११ पासून इथे चांगलं संग्रहालय आहे. बाहेर रुग्णालयाची विटांची चिमणी अजून उभी आहे. तिथवर चालत जा. आम्ही परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. ‘वेस्ट’ म्हणजे नुसते काउबॉय नव्हेत, हे मला तिथे कळलं.

बफेलो बिल धरणासाठी वेगळा वेळ काढायला नको, येलोस्टोनच्याच वाटेवर आहे. १९१० मध्ये पूर्ण झालं तेव्हा ३२५ फुटांचं हे धरण जगात सगळ्यात उंच होतं. माझ्या बाबांची निम्मी नोकरी कोयनेवर गेली. कठड्यावरून खाली वाकून त्यांनी पहिलं वाक्य काढलं ते, “आपलं याहून थोडं उंच आहे, पण हे पन्नास वर्षं आधीचं.” मग अर्धा तास ते तिथून निघालेच नाहीत.