स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या कल्पित जगातला, डीअँडडीचा ('डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवरच्या भूमिका-खेळाचा) एकच सेशन घ्यायचाय, चार प्लेअर आहेत. तयारी कुठून सुरू करू?

कोळशापासून. नकाशा, साम्राज्याचा इतिहास, गॉगल आणि दातेरी चाकं, सगळं नंतर.

आमच्या ग्रुपमध्ये याच मुद्द्यावर कडाक्याचा वाद झालाय. तेव्हाचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणायचा, जगात जादू आहे तर कोळसा मोजायचा कशाला? एबेरॉनमध्ये, डीअँडडीच्याच एका तयार जगात, गाड्या एलिमेंटल (अग्नी-वायूसारख्या तत्त्वांचे जीव) बांधून पळवतातच की! पळवतात, आणि एबेरॉन मलाही आवडतं, पण तिथे वाफेवर काही अडत नाही. शक्ती फुकट मिळाली की बॉयलर नुसता शोभेला उरतो. त्याचं दुसरं पालुपद म्हणजे वाफ असली की लंडनच हवं. अरे, मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० साली सुएझला निघाली, तेव्हा एडनपर्यंतचा कोळसा तिच्यात मावत नव्हता. केबिनींतसुद्धा कोळसा भरला होता, आणि एडनला पोचेपर्यंत तो जवळजवळ संपला होता. आयता सेशन आहे हा!

शेवटी मीच बोरघाटावर सेशन घेतला. १८६३ साली सुरू झालेला मार्ग, ३७ फुटांना एक फूट असा चढ, आणि खंडाळ्याखाली रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे चढायची. मी गाडीमागे अमावास्येची वेताळाची पालखी लावली. प्लेअरांनी शेवटच्या डब्याची दारं ठोकून बंद केली, खूश झाले. रिव्हर्सिंग स्टेशन आलं आणि तोच डबा इंजिनाला लागून आला. टेबलावर जो गलका झाला!

कोळसा म्हणजे कॅरमच्या नऊ काळ्या सोंगट्या. वेग हवा तर एक सोंगटी टाकायची, की प्रेशरचा डी६ (सहा बाजूंचा फासा) एकाने वर. सहा झाले की वाफ सोडायची, नाहीतर बॉयलर फुटतो. वाफ सोडली की आवाजाने पालखी जवळ येते. आमचा तो डीएम या वेळी विझार्ड (जादूगार) खेळत होता. त्याने विचारलं, फायर बोल्टने, म्हणजे आगीच्या मंत्राने, पाणी उकळू का? उकळ की, पण मग रात्रभर फायरबॉक्ससमोरच उभा राहा, डब्याचं दार दुसरं कुणीतरी धरेल. जादूला कोळशाइतकीच किंमत मोजायला लावली की ती चालते, माझं म्हणणं एवढंच होतं. तो अजून मान्य करत नाही.

तुमचे प्लेअर अगदी नवे असतील तर प्रेशरचा डी६ काढून टाका, सोंगट्या पुरेत. हिशेबाचा कंटाळा असणाऱ्यांना मात्र हा प्रकार आवडणार नाही. लढाई एकच ठेवा, नाहीतर एका बैठकीत घाट चढून होत नाही. आणि कॅरेक्टर तिसऱ्या लेव्हलची द्या, आर्टिफिसरला (जादूची यंत्रं बनवणाऱ्या कारागिराला) सबक्लास, म्हणजे खास शाखा, तिथेच मिळतो.