शॉकअपमध्ये जाड ऑईल भरण्याआधी

तुमची अडचण मला कळली ती अशी: २०१२ ची हिरो इम्पल्स मोटरसायकल, पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या अलीकडे-पलीकडे कच्च्या वाटांवर फिरवता. दगडगोट्यांत हाताला झिणझिण्या येतात आणि मोठ्या खड्ड्यात पुढचा शॉकअप टेकून ठक्क आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, २० नंबरचं जाड ऑईल भरू. कृपा करून भरू नका. एका गॅरेजच्या भरवशावर मी ते केलं होतं आणि अख्खा उन्हाळा मनगटं दुखत होती.

हे शॉकअप जुन्या पद्धतीचे. आत भोकं पाडलेली दांडी, त्या भोकांतून ऑईल ये-जा करतं, आणि बाहेर फिरवायला एकही स्क्रू नाही. चाक हळू दबलं तर ऑईल आरामात वाट काढतं. दगडावर चाक एकदम उसळलं की तेवढ्याच भोकांतून ते निघत नाही आणि शॉकअप क्षणभर लोखंडी पाईपसारखा होतो. झिणझिण्या त्याच्याच. जाड ऑईलने हे वाढतं. शिवाय दबलेला शॉकअप परत वर यायलाही वेळ लावतो, त्यामुळे ओळीने चार दगड आले की चौथ्याला तो खालीच बसलेला सापडतो.

आधी अडकाठी काढा. पुढच्या चाकाचा एक्सल ढिला करा, क्लॅम्पचा बोल्ट असेल तर तोही, मग ब्रेक धरून गाडी पाच-सहा वेळा जोरात दाबा आणि मगच आवळा. चाक बदलताना हे कोणी करत नाही, आणि शॉकअपचे दोन्ही पाय एकमेकांना ओढत बसतात. धूळसील खाली सरकवून आतली मुरुमाची पेस्ट साफ करा. ऑईल सीलच्या ओठाखालून जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून फिरवली की काळा चिखल बाहेर येतो. माझ्या दोन गळक्या सील तेवढ्यानेच थांबल्या. ब्रेक मारल्यावर पुढे टकटक येत असेल तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) किंवा शॉकअपचे बुश तपासा. सील-बुश पुण्यात नाना पेठेत मिळतील, जुना नमुना सोबत न्या.

आता सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर शॉकअप किती खाली बसतो ते. याला एक मित्र लागतो. पुढचं चाक अधांतरी ठेवून एक्सलपासून वरच्या क्लॅम्पपर्यंत माप घ्या. मग गाडी जमिनीवर, तुम्ही हेल्मेट-बुटांसकट बसलेले. मित्राने पुढचा भाग दाबून हलकेच सोडायचा, माप. उचलून हलकेच सोडायचा, पुन्हा माप. या दोघांची सरासरी पहिल्या मापातून वजा केली की सॅग मिळतो. तो शॉकअपच्या पूर्ण चालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शात हवा. शेवटच्या दोन मापांत १५-२० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर शॉकअप अजून कुठेतरी अडकतोय. तसंच पुढे जाऊ नका.

सॅग जास्त भरला तर स्प्रिंगवर पीव्हीसी पाईपचा तुकडा आणि वायसर टाकून ५-५ मिमीने वाढवा. दोन्हीकडे अगदी सारखा, कडा लेथवर काटकोनात करून घ्या. यामुळे स्प्रिंग कडक होत नाही, हे लक्षात ठेवा. गाडी फक्त वर उभी राहते. वजन ८५-९० किलो असेल आणि तुकडा टाकूनही सॅग बसत नसेल, तर स्प्रिंगच जाड हवी. झाकण उघडताना चाक अधांतरी ठेवा, आधी वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करा आणि चेहरा बाजूला ठेवा, स्प्रिंग उसळते.

ऑईल शेवटी. निघालेलं राखाडी आणि कुबट असेल तर अर्धा आजार तोच. मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं नवीन भरा. डब्यावरच्या १० किंवा १५ वर भिस्त ठेवू नका. कंपनीगणिक ते बदलतं, ४० अंश सेल्सिअसवरचा सेंटीस्टोक आकडा, म्हणजे ऑईलच्या जाडपणाचं माप, बघा.

तुमचा ठक्क आवाज मात्र ग्रेडने नाही, पातळीने जातो. स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, नळीच्या तोंडापासून ऑईलपर्यंत स्केलने मोजा. मॅन्युअलपेक्षा १० मिमी वर आणा. वरची हवेची जागा कमी झाली की शेवटच्या टप्प्यात हवा स्वतःच उशीसारखी दाबते, सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो. एका वेळी १० मिमीच; फार वर नेलंत तर सील फुटतील.

शॉकअपच्या चकचकीत पाईपला एक झिप टाय बांधा आणि रोजच्या वाटेचा तोच एक किलोमीटर पुन्हा पुन्हा मारा. टायरची हवा दर वेळी सारखी ठेवा. सगळ्यात मोठ्या खड्ड्यानंतर टाय शेवटापासून १०-१५ मिमी आधी थांबला तर ऑईलला पुन्हा हात लावू नका.