वहीच्या त्या पानाबद्दल

नमस्कार,

वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा दुसरा प्रयत्न तोंडावर असताना मुलगी 'भलतंच काहीतरी' लिहीत बसते, अशी तुमची तक्रार. पुरावा म्हणून तिच्या वहीतल्या पानाचा फोटो जोडलाय. तिला विचारून काढलात? पत्रावरून तसं वाटत नाही. मार्क राहू द्या बाजूला, मला काळजी वाटली ती या फोटोची. ज्या घरात वही लपवावी लागते, तिथे मूल मनातलं काय सांगणार?

बरं, ते पान तुम्ही वाचलंत का? मी दोनदा वाचलं. हातापायाच्या फ्रॅक्चरसाठी कोणता सीटी स्कॅन केव्हा उपयोगाचा, याचा तक्ता आहे. मल्टिडिटेक्टर, म्हणजे किरणं टिपणाऱ्या अनेक ओळींचा स्कॅन, झटपट होतो, म्हणून अपघातातल्या रुग्णासाठी सोयीचा. कोन-बीममध्ये, म्हणजे शंकूच्या आकाराच्या किरणझोताच्या स्कॅनमध्ये, रुग्णाला उभं करून, भार पडलेला घोटा पाहता येतो. ड्युअल-एनर्जीमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या ऊर्जांच्या किरणांनी केलेल्या स्कॅनमध्ये, चित्रातून कॅल्शियम वजा केलं की हाडाच्या मगजातली सूज दिसते, आणि एक्स-रेत न दिसलेल्या फ्रॅक्चरचा माग लागतो. मनगटातल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत निसटू शकतं, हेही तिने टिपलंय. चूक एकच. कोन-बीमपुढे 'सर्वोत्तम' लिहिलंय. तपशील बारीक मिळतो, हे खरं. पण स्कॅनला वेळ जास्त लागतो, दुखऱ्या पायाची जरा हालचाल झाली की चित्र धूसर होतं, आणि स्नायू-अस्थिबंध त्यात फारसे कळत नाहीत.

'डॉक्टर व्हायचं सोडून ही बटणं दाबणार का?' असं तुम्ही विचारता. बटण सगळ्यात शेवटी येतं हो. मोडलेलं कोपर पोटाशी धरून आलेल्या माणसाचा हात तसाच ठेवून स्कॅन केला, तर किरणं धडातूनही जातात. चित्र खरखरीत येतं आणि पोटाला नको असलेला डोस बसतो. हात डोक्यावर न्यावा, तर खांदा वर जाईना. मग काय करायचं? आत प्लेट-स्क्रू असले, तर धातूमुळे उमटणाऱ्या रेघा कमी कशा करायच्या? असले निर्णय तंत्रज्ञाला रुग्ण टेबलावर असतानाच घ्यावे लागतात. सीटीसाठी १९७९ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना. एक अभियंता, दुसरा भौतिकशास्त्रज्ञ. डॉक्टर दोघांपैकी एकही नव्हता.

वाटा सरळ आहेत: स्कॅन करायचे तर रेडिओग्राफीची पदवी, ते वाचून निदान करायचं तर आधी वैद्यकीय पदवी, मग रेडिओलॉजी. तिला यातलं काय हवंय, ते तुमच्या दोन पानी पत्रात कुठेच नाही. कदाचित ती याच परीक्षेतून रेडिओलॉजिस्ट व्हायचं म्हणत असेल, आणि तुम्ही उगाच भांडताय.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा. मात्र फोटो काढल्याचं आधी तुम्हीच तिला सांगा.