वर्तुळ लाल व्हायच्या आधी

प्रिय पोरी,

तुझा निरोप काल रात्री वाचला. 'ताई, दिवसभर पडून असते. पुस्तक घेतलं की दोन पानांत डोकं जड होतं. गेम तेवढे खेळता येतात, पण मग वाटतं वर्ष वाया चाललंय.' माझ्या आजारपणात मीही रोज स्वतःला हेच ऐकवायचे, म्हणून सविस्तर लिहितेय. एका दमात वाचू नकोस. थोडं वाच, ठेव, पुन्हा घे.

माझा आजार तुझ्यापेक्षा वेगळा होता. मला जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, झाला होता. त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच नसांवर उलटते, अशक्तपणा बहुतेकदा पायांपासून सुरू होतो आणि वर चढत जातो. माझ्या बाबतीत तो चार दिवसांत हातांपर्यंत पोचला. आधी अतिदक्षता विभाग, मग वॉर्ड, मग घर आणि फिजिओ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नसेच्या आतल्या तंतूलाच इजा झाली असेल तर तो साधारण दिवसाला 1 मिलिमीटर वेगाने परत वाढतो. मी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर नजरेनेच मोजलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्या वर्षात मी मोजकेच गेम मनापासून खेळले. त्यातल्या एकापायी मी चांगलीच आडवी झाले. तुला जे सांगायचंय ते तिथेच आहे, म्हणून ते आधी.

गेम होता 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड', 2017 सालचा. लिंक नावाचा योद्धा शंभर वर्षांच्या झोपेतून जागा होतो तिथून तो सुरू होतो. जखमा भरून याव्यात म्हणून त्याला निजवलेलं असतं. उठतो तेव्हा त्याला काही आठवत नाही, अंगात बळ नाही, जीव म्हणून तीन बदाम आणि दमाचं एकच हिरवं वर्तुळ. तू पळलीस, कडा चढलीस, पोहलीस, की ते वर्तुळ कमी होत जातं. आता बारकाईने बघ. वर्तुळ थोडं शिल्लक असताना थांबलीस, तर लिंक लगेच सावरतो आणि क्षणभराने परत पळू शकतो. पण ते पार संपू दिलंस, तर वर्तुळ लाल होतं, तो धापा टाकत रखडत चालतो आणि ते पूर्ण भरेपर्यंत त्याला पळता येत नाही. कड्यावर असेल तर हात सुटून खाली येतो. म्हणून चढताना नजर वरच्या कपारीवर ठेवायची, तिथे पाय टेकवायचे, वर्तुळ भरू द्यायचं, मग पुढे.

गेममध्ये मी हे काटेकोर पाळायचे. स्वतःच्या अंगाला मात्र तो नियम लावला नाही. पाचव्या महिन्यात एक दिवस असा उजाडला की हात हलके वाटत होते. उशीवर कंट्रोलर ठेवून मी सलग साडेतीन तास खेळले. अंगठा दुखायला लागला, तरी वाटलं, एवढा डोंगर चढून होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाचं बटण काजात जाईना. बटण बोटांत धरलेलं दिसत होतं, पण त्याची कडच जाणवत नव्हती. तिसऱ्या दिवशीही तेच. फिजिओचे दोन दिवस बुडाले. फिजिओ रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "परवा काय केलंत?"

त्या दिवसापासून मी एक वही केली. डाव्या बाजूला आज किती वेळ खेळले, उजव्या बाजूला उद्या सकाळी बटण लागलं का. उजवी बाजू दुसऱ्या दिवशीच भरायची. आज किती खेळणं झेपलं याचं उत्तर आज मिळत नाही, ते उद्या मिळतं. दोन आठवड्यांत मला माझा आकडा सापडला: चाळीस मिनिटं. मग मी तिसाव्या मिनिटाला थांबायला लागले, अंगात जोर असतानाच. चांगल्या दिवशीसुद्धा. खरं तर चांगल्या दिवशी जास्तच, कारण घसरण नेहमी चांगल्या दिवशीच व्हायची. तुझा आकडा वेगळा असेल, आणि तुझ्या आजारात थकव्याचा हिशोब कसा धरायचा हे तुझ्या डॉक्टरांना स्पष्ट विचार. काही आजारांत डोक्याचा थकवाही अंगाच्या थकव्याइतकाच धरावा लागतो. पण वही आजच घे.

गेम निवडतानाही हाच विचार कर: हा गेम माझ्यासाठी थांबतो का? कुठेही सेव्ह होतो का? औषधाची वेळ झाली, कळ आली, झोप लागली, तर काही न गमावता बाजूला ठेवता येतो का? आजारी माणसाला यापेक्षा मोठा गुण लागत नाही. ग्राफिक्स, नावाजलेपण, पुरस्कार हे सगळं त्यानंतर.

पहिल्या महिन्यांत, जेव्हा गोष्ट लक्षात राहत नव्हती, तेव्हा मी टेट्रिस खेळले. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी 1984 साली केलेला हा गेम. सात आकार, प्रत्येकात चार चौकोन, बाकी काही लक्षात ठेवायचं नाही. अतिदक्षता विभागातले आवाज आणि दिवे मला रात्री परत परत दिसायचे, आणि टेट्रिस खेळताना ते थोडे मागे सरकायचे. नंतर वाचनात आलं की ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये नेमकं यावर काम केलं होतं. लोकांना विदारक दृश्यांची फिल्म दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यातल्या काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं इतरांपेक्षा कमी वेळा आठवली. तो प्रयोग निरोगी माणसांवरचा होता, माझ्यासारख्या रुग्णांवरचा नव्हता. तुलाही रात्री असं काही दिसत असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नकोस. टेट्रिसबद्दल एक सावधगिरी बाळग. तो थांबत नाही, वेग वाढतच जातो. त्याला घड्याळ लावूनच बस.

मग आला 'स्टारड्यू व्हॅली'. आजारपणात मला सगळ्यात जास्त आधार याचा झाला. एरिक बरोन या एकाच माणसाने चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतः केलं. साडेचार वर्षांच्या आसपास राबून 2016 मध्ये त्याने तो बाहेर आणला. आजोबांचं पडीक शेत तुझ्या ताब्यात येतं. दगड फोड, जमीन उकर, बी पेर, पाणी घाल. प्रत्येक ऋतू 28 दिवसांचा. पार्सनिपचं बी चार दिवसांत तयार होतं, भोपळ्याला तेरा दिवस लागतात. इथेही ताकदीचा एक खांब असतो, कुदळीच्या प्रत्येक घावाला तो उतरतो. आणि रात्री दोनपर्यंत झोपायला गेली नाहीस तर तुझं पात्र असेल तिथे कोसळतं.

मला यातलं काय भिडलं ते सांगते. आजारपणात 'उद्या' या शब्दाला काही अर्थ उरत नाही. उद्याही तेच छत, त्याच गोळ्या. त्या शेतात मात्र उद्या काहीतरी वेगळं असायचं. मी रात्री भोपळ्यांना पाणी घालून पात्राला झोपवायचे (झोपलं की दिवस सेव्ह होतो) आणि स्वतः डोळे मिटताना मनात असायचं, अजून चार दिवस राहिले. कितीतरी आठवड्यांनी मी कशाची तरी वाट बघत होते. हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळत नाही, पण तुला कळेल. फक्त मासेमारीच्या वाटेला जाऊ नकोस. त्यात एक पट्टी बटण दाबून-सोडून माशामागे नाचवावी लागते, दुबळ्या बोटांचा जीव जातो. ती न करताही शेत सुखाने चालतं.

'अ शॉर्ट हाइक' दोन-तीन तासांचा गेम आहे, तो अवश्य खेळ. 2019 चा, ॲडम रॉबिन्सन-यू यांचा. क्लेअर नावाचं एक छोटं पाखरू फोनची वाट बघतंय आणि रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर आहे. सोन्याची पिसं मिळत जातील तसं तिला जास्त चढता येतं. वाटेत भेटणाऱ्यांशी बोलत बसलीस तरी कोणी घाई करत नाही. माथ्यावर तो फोन कोणाचा येतो ते मी सांगणार नाही. मी तो हॉस्पिटलच्या फेऱ्यांच्या काळात ऐकला आणि कंट्रोलर बाजूला ठेवून मनसोक्त रडले.

'सेलेस्ट' मी आठव्या महिन्यात घेतला. हा कठीण गेम आहे, मॅडलिन नावाची मुलगी एक पर्वत चढते आणि शेकडो वेळा पडते. पण 2018 मध्ये तो आला तेव्हापासूनच त्यात असिस्ट मोड आहे. वेग शंभरावरून पन्नास टक्क्यांपर्यंत दहा-दहाने कमी करता येतो, न थकणं, न मरणं, हवं ते चालू करता येतं. तुझ्या मनात येईल की मग खरं खेळल्यासारखं काय राहिलं. हा विचार मनातून काढ. मी 70 टक्क्यांवर सुरुवात केली, कारण माझा अंगठा तेवढ्यालाच पोचत होता. अकराव्या महिन्यात 90 वर आले. फिजिओकडे पकड मोजायचं यंत्र होतं, त्यातले आकडे वाढताना बघून बरं वाटायचंच. पण 70 चे 80 झाले त्या दुपारी मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

त्याच गेममध्ये मॅडलिन रोपवेच्या पाळण्यात बसून दरी ओलांडत असताना पाळणा मध्येच अडकतो आणि तिचा श्वास कोंडतो. सोबतचा मित्र तिला सांगतो, एक पीस डोळ्यांसमोर आण. मग पडद्यावर खरंच पीस येतं आणि तुला बटण हळूहळू दाबत-सोडत ते वर-खाली तरंगतं ठेवायचं असतं, श्वासाच्या लयीत. एमआरआयच्या नळीत मी ते पीस तीन वेळा वापरलं. पुढे एका प्रकरणात हीच युक्ती मॅडलिनला कामी येत नाही, आणि ते गेमने दाखवलं हे मला फार खरं वाटलं. माझ्याही बाबतीत ती दर वेळी कामी आली नाही.

एकटेपणाबद्दल तू लिहिलं नाहीस, पण ओळींमधून दिसतो. मैत्रिणी पहिले दोन महिने येतात, मग त्यांचं त्यांचं सुरू होतं. त्यांच्यावर राग धरू नकोस. 'जर्नी' (2012) खेळून बघ. वाळवंटातून दूरच्या शिखराकडे चालायचं असतं आणि वाटेत जगातला कोणीतरी दुसरा खेळाडू येऊन मिळतो. नाव दिसत नाही, बोलता येत नाही, लिहिता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. एकमेकांना चिकटून चाललं की दोघांच्या गळ्यातल्या पट्ट्यात उडण्याची ताकद भरते. मला भेटलेला सोबती शेवटच्या बर्फात माझ्यासाठी थांबत होता. माझी बोटं हळू चालतात हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी तो थांबला.

आता कशापासून लांब राहायचं. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडतं असे मोबाइलवरचे गेम काढून टाक. ज्या दिवशी उठवत नाही त्या दिवशी असा गेम तुला अपराधी ठरवतो, आणि तेवढं करायला आजार पुरेसा आहे. पैसे देऊन, आत काय निघेल ते माहीत नसलेल्या बंद पेट्या उघडायच्या गेमपासूनही लांब राहा. बेल्जियमने 2018 मध्ये अशा काही पेट्या जुगार ठरवल्या, ते उगीच नाही. झोप नसलेल्या रात्री माणूस सहज पैसे घालवतो. क्रमवारीच्या ऑनलाइन लढतीही सध्या नकोत. मध्येच उठावं लागलं तर सोबतच्या चौघांचा खोळंबा होतो आणि ते बोलतात.

हातांसाठी थोडं. कंट्रोलरची थरथर बंद कर, मुंग्या येणाऱ्या हातांना ती सहन होत नाही. अक्षरं मोठी कर. बटणांच्या जागा बदलता येतात. निन्टेंडो स्विच या गेम खेळायच्या यंत्रात 2020 पासून ही सोय आतच आहे. भराभर दाबण्याऐवजी धरून ठेवायचा पर्याय बऱ्याच गेममध्ये सेटिंग्जमध्ये सापडतो. बोटं फारच अडत असतील तर एक्सबॉक्सचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आहे, 2018 पासून मिळतो. त्याला दोन मोठी बटणं आहेत आणि मागे बाहेरचे स्विच जोडायला 19 जागा, म्हणजे पायानेही खेळता येतं. कोपराखाली उशी घे. मान खाली घालून खेळू नकोस, पडदा वर आण. आणि प्रत्येक लोडिंगला घोटे गोल फिरव. फार वेळ एका जागी पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, त्याबद्दल तुझ्या डॉक्टरांशी बोल. मला ती सवय अशी लागली की आजही पडदा काळा झाला की माझे पाय आपोआप हलतात.

घरचे 'किती वेळ तो गेम' म्हणाले तर भांडू नकोस, वही दाखव. माझ्या आईला वहीतली उजवी बाजू बघून पहिल्यांदा कळलं की मी काय करतेय. मग तीच तिसाव्या मिनिटाला खोलीत यायची आणि दारात नुसती उभी राहायची.

पुढच्या आठवड्यात तुझी तपासणी आहे ना? जाताना काही जड घेऊ नकोस, 'अ शॉर्ट हाइक' बाहेर थांबण्याच्या वेळेला पुरतो. आल्यावर दोन ओळी लिही, जमलं तरच. स्टारड्यू सुरू केलंस की शेताला नाव द्यावं लागतं, ते काय ठेवलंस तेही कळव. माझं 'मिलिमीटर' होतं.

तुझी,
ताई