वाचकांचे प्रश्न : नकाराची किंमत

प्रश्न : जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर बेतलेल्या आजच्या प्रेमकादंबऱ्यांत मूळ कादंबरीतली तगमग का जाणवत नाही?

उत्तर : १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत प्रेमाइतकाच मिळकतीचा प्रश्न आहे. वर्षाला दोन हजार पौंड उत्पन्न देणारी बेनेट कुटुंबाची मिळकत केवळ पुरुष वारसाकडे जाणार असल्याने पाचही मुलींच्या डोक्यावरचे छप्पर वडिलांच्या हयातीपुरतेच आहे. म्हणूनच त्यांतल्या एलिझाबेथने, म्हणजे कादंबरीच्या नायिकेने, त्या मिळकतीचा वारस असलेल्या कॉलिन्सला आणि पुढे श्रीमंत डार्सीलाही दिलेला नकार इतका धाडसी वाटतो. आजची नायिका बहुधा स्वतः कमावते, त्यामुळे तिच्या नकाराला तेवढी किंमत मोजावी लागत नाही, आणि ती किंमत दुसरीकडे शोधणे हेच लेखकाचे खरे काम ठरते. हेलन फिल्डिंग यांनी १९९६ च्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’त ती लंडनमधल्या तिशीच्या अविवाहितेला वारंवार ऐकाव्या लागणाऱ्या प्रश्नांत शोधली, हे मला फार मोलाचे वाटते. सोनिया कमाल यांनी २०१९ च्या ‘अनमॅरेजेबल’मध्ये कथा पाकिस्तानात नेली. मूळ कादंबरीतील एलिझाबेथची २७ वर्षांची मैत्रीण शार्लट त्याच कॉलिन्सला होकार देते, ते प्रकरण आपण पुन्हा वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.